आठ महिन्यांच्या बाळाला पोहायला शिकवावं का? क्लासवाले म्हणतात "मग बुडायचं टेन्शन नाही"

पत्र: ताई, माझी मुलगी आठ महिन्यांची आहे, आम्ही वाकडला राहतो. जवळच्या एका क्लबात बेबी स्विमिंगची बॅच सुरू झालीय, सहा महिन्यांपासूनची बाळं घेतात. तिथले सर म्हणाले तीन महिन्यांत बाळ आपलं आपण पाठीवर तरंगायला लागेल, मग पाण्यात पडलं तरी बुडायचं टेन्शन नाही. नवऱ्याला हे फार पटलंय, रोज रील दाखवतो, एवढुशी बाळं पाण्यात सोडतात आणि ती वर येऊन तरंगतात. सासूबाई म्हणतात दोन वर्षांची होईपर्यंत पाण्यात घालायचीच नाही, सर्दी होईल, कान वाहील. सासरे म्हणतात कशाला पैसे घालता, चार वर्षांची झाली की पाठीला डबा बांधून विहिरीत सोडू, पाण्यात पडलं की पोहता येतंच. मे महिन्यात आम्ही महिनाभर गावी जातो, सांगोल्याकडे, डाळिंबाची बाग आहे आणि घराला लागूनच शेततळं आहे. तोपर्यंत ही चालायला लागलेली असेल. मला त्या तळ्याचीच भीती वाटते, मला स्वतःला पोहता येत नाही. भावाने गळ्यात घालायची फुगवायची रिंग पाठवलीय ती वापरू का? आणि या रविवारी क्लासची ट्रायल आहे. जाऊ का नको? – एक आई, वाकड

उत्तर:

बाळाला पाण्यात न्यायला हरकत नाही, पण क्लास केला म्हणून ती बुडणार नाही असं कोणी सांगत असेल तर त्यावर काडीचाही विश्वास ठेवू नकोस. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या घरात सगळे ते एकत्र कालवून वाद घालताहेत असं मला तुझ्या पत्रावरून दिसतंय. एक प्रश्न, बाळाला पूलमध्ये नेणं सेफ आहे का. दुसरा, त्याने ती शेततळ्यापासून वाचेल का. पहिल्याचं उत्तर "हो, काळजी घेतली तर" असं आहे आणि दुसऱ्याचं सरळ "नाही" असं आहे. मी लहान मुलांना पोहायला शिकवते, मला पाण्याचं प्रेम आहे, मुलं पाण्यात रमलेली बघायला मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच हे "नाही" मी ठासून सांगतेय.

आधी ते रील. पाच-सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं तोंड पाण्यात गेलं की श्वास आपोआप थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि पोटावर धरलं तर हातपाय पोहल्यासारखे हलतात. हे ते शिकलेलं नसतं, जन्मतःच असतं आणि पुढे मावळतं. अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ नावाच्या संशोधक बाईंनी १९३९ सालीच हे नोंदवून ठेवलंय, आणि त्यांनी हेही नोंदवलं की काही महिन्यांनी हे हातपाय मारणं विस्कटतं, बाळ पाण्यात धडपडायला लागतं, हात लावेल त्याला धरायला बघतं, आणि ठरवून केलेल्या हालचाली यायला पुढे दुसरं वर्ष उजाडतं. तुझी मुलगी आठ महिन्यांची, म्हणजे नेमकी त्या मधल्या धडपडीच्या वयात आहे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हातपाय हलले तरी या वयाच्या बाळाला डोकं पाण्याबाहेर काढून श्वास घेता येत नाही. पोहणं म्हणजे शेवटी श्वास घेता येणं गं, बाकी सगळं त्याच्या नंतर.

मग रीलमधली बाळं तरंगतात कशी? तर अमेरिकेत फ्लोरिडात १९६० च्या दशकात एक पद्धत निघाली, त्यात बाळाला रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे एकच गोष्ट घोटून घोटून करून घेतात, पालथं पडलं की वळून पाठीवर यायचं आणि तरंगत राहायचं. बरीच बाळं ते करतात, खोटं नाही ते. पण नवऱ्याला सांग की एखादं रील आवाज चालू करून नीट बघ. बाळ बऱ्याचदा जीव खाऊन रडत असतं. पाणी कोमट असतं, स्वच्छ असतं, हलत नसतं, शिकवणारी बाई हाताच्या अंतरावर उभी असते आणि त्या बाळाला ती जागा, तो आवाज, ती बाई सगळं ओळखीचं झालेलं असतं. शेततळ्यात यातलं काय आहे? तिथे ती तोंडावर पडणार, अचानक, अंगात फ्रॉक, पायात बूट, घाबरलेली, आणि आजूबाजूला कोणी नाही. तिथेही ती तसंच वळून तरंगेल याची गॅरंटी जगात कोणी देऊ शकत नाही, तुमच्या क्लबातले सर तर नाहीच नाही.

हे फक्त माझं मत आहे असं नवऱ्याला वाटायला नको म्हणून सांगते. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची जी मोठी संघटना आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, ती २००० साली म्हणत होती की चार वर्षांच्या आधी पोहायचे क्लास नकोत. मग २००९ साली एक अभ्यास आला त्यात १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये रीतसर शिकलेल्यांचा बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी दिसला, त्यातली मुलं संख्येने कमीच होती त्यामुळे आकडा अगदी काट्यावर धरायचा नाही, पण दिशा चांगली होती, आणि २०१० मध्ये संघटनेने आपली भूमिका सैल केली. २०१९ पासून त्यांचं म्हणणं असं आहे की एक वर्ष पूर्ण झाल्यावर बऱ्याच मुलांना क्लास सुरू करता येईल, त्याचा बुडणं टाळायला उपयोग होऊ शकतो. पण एक वर्षाच्या आत? तिथे त्यांनी स्पष्ट लिहिलंय की अशा क्लासने बुडणं कमी होतं याचा काहीही पुरावा नाही, कारण बाळाचं शरीर अजून त्या श्वासाच्या गोष्टीला तयारच नसतं. आई-बाबांनी बाळासोबत पाण्यात मजा म्हणून जायला मात्र त्यांची ना नाही.

आता यातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती सांगते. क्लासने बाळ बदलत नाही, आई-बाप बदलतात. कॅनडात २०१३ साली एक अभ्यास झाला होता, दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आई-वडिलांचा, त्यात दिसलं की पोरं जसजशी क्लासमध्ये पुढे सरकतात तसतसं पालकांना वाटायला लागतं की आता एवढं लक्ष ठेवायची गरज नाही. मी हे डोळ्यांनी बघते, पोरगं जरा पाय मारायला लागलं की वडील बाकावर जाऊन फोन काढतात. तुझ्या पत्रातलं "मग टेन्शन नाही" हे वाक्य वाचून म्हणूनच माझ्या पोटात गोळा आला. मे महिन्यात "हिला तरंगता येतं" असं घरातल्या एखाद्याच्या डोक्यात बसलं असेल आणि त्या भरवशावर कोणी दोन मिनिटं उठून आत गेलं तर... ते टेन्शन असलेलंच बरं.

पूलमध्ये मजेसाठी न्यायचं असेल तर काय बघायचं ते सांगते, आणि हे सरांना विचारायला लाजू नकोस. सगळ्यात आधी पाण्याचं तापमान. एवढ्या बाळाला ३२ अंशांच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे हात घातल्यावर चक्क कोमट लागलं पाहिजे. मोठ्यांच्या पूलचं पाणी त्याहून बरंच गार असतं आणि आपल्याकडे कित्येक पूल तापवतच नाहीत, आत्ता जानेवारीत तर विचारूच नकोस. बाळाचं अंग फार पटकन गार पडतं, त्यांना थरथरून अंग गरम करायला आपल्यासारखं जमत नाही. ओठांच्या कडा निळसर दिसायला लागल्या, तळपाय गार लागला, बाळ एकदम गप्प झालं की लगेच बाहेर, सरांचा वेळ संपायची वाट बघायची नाही. पहिल्या वेळी दहा मिनिटं खूप झाली, पुढे वाढवत वीस मिनिटं. अर्धा तास ही शेवटची हद्द.

दुसरं, डोकं पाण्याखाली घालायचं नाही. काही क्लासमध्ये तोंडावर फुंकर मारतात, बाळ दचकून श्वास रोखतं आणि लगेच बुचकळतात. व्हिडिओ छान येतो त्याचा. पण बाळ प्रत्येक वेळी थोडं थोडं पाणी गिळतं, आणि लहान बाळाने जास्त पाणी गिळलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, बाळ आधी किरकिरं, मग सुस्त, उलटी, आणि वेळ वाईट असेल तर झटके. अमेरिकेत १९८० च्या दशकात बेबी स्विमिंगच्या क्लासमधून अशा केसेस नोंदल्या गेल्यात. पूलमधून आल्यावर कधी बाळ असं नेहमीपेक्षा जास्त पेंगायला लागलं, उलट्या करायला लागलं तर "दमली असेल" म्हणून झोपवू नका, डॉक्टरकडे न्या आणि पाण्यात गेली होती हे सांगा.

तिसरं क्लोरीन. बंद हॉलमधला पूल असेल आणि आत शिरल्या शिरल्या डोळे चुरचुरले, नाकात वास भरला तर तिथूनच परत फिर. लघवी-घाम आणि क्लोरीन मिळून जो वायू बनतो त्याचा तो वास, आणि तो बरोब्बर पाण्याच्या वर, बाळाच्या नाकाच्या पातळीला साचतो. बेल्जियममधल्या एका अभ्यासात असे पूल आणि बाळांच्या श्वासनलिकेचे आजार यांचा संबंध दिसला होता, नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो दिसला असं नाही, पण घरात कोणाला दमा-ॲलर्जी असेल तर मी तरी उघड्यावरचा पूलच निवडेन. आणि स्विमिंगचा डायपर मिळतो तो घाला, पण त्याने पातळ शी अडत नाही हे लक्षात ठेव. तुझ्या बाळाला किंवा बॅचमधल्या कुठल्याही बाळाला जुलाब होत असतील तर त्या दिवशी पाण्यात जाऊच नका, जुलाबाचे काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतात.

चांगला क्लास कसा दिसतो? आई किंवा बाबा पाण्यात बाळासोबत असतात, हे पहिलं. तू छातीएवढ्या पाण्यात उभी, दोन्ही हात तिच्या काखेत, तिचं तोंड तुझ्या तोंडासमोर, तिची हनुवटी पाण्याच्या वर. हळूहळू तू मागे मागे चालायचं, ती तुझ्याकडे बघत पाय हलवते. मग पाठीवर, तिचं डोकं तुझ्या खांद्यावर, गाल गालाला लागलेला, एक हात पाठीखाली. एखादं बडबडगीत म्हणायचं. मगाने खांद्यावर पाणी ओतायचं. कडेला हात ठेवून "धर, धर" करायचं. बस, एवढंच. ती हसली तर पुढे, रडली तर बाहेर. आइसलंडमध्ये अशा बाळांचा एक छोटा अभ्यास झालाय, जेमतेम वीसेक मुलांचा, त्यात पुढे चार-पाच वर्षांची झाल्यावर त्यांचा तोल आणि वस्तू पकडणं इतर मुलांपेक्षा चांगलं दिसलं. छोटा अभ्यास आहे म्हणून मी त्याचा डंका पिटणार नाही, पण आई-बाबांच्या हातात, कोमट पाण्यात वीस मिनिटं, यात बाळाला आनंद आहे यात मला शंका नाही.

भावाने पाठवलेली गळ्यातली रिंग वापरू नकोस. भावाला वाईट वाटेल, वाटू दे, तुला म्हणून सांगते ती कोणाला पुढे देऊसुद्धा नकोस. बाळ मानेला लटकून तरंगतं त्यात, मानेवर ताण येतो, हवा कमी झाली की हनुवटी आत घसरते आणि तोंड पाण्यात. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२२ साली या रिंगबद्दल इशारा दिला होता, विशेष गरजा असलेल्या बाळांसाठी थेरपी म्हणून वापरत होते त्यात एक बाळ गेलं. दंडाला लावायचे फुगे, बसायची बदकं, हे सगळं खेळणं म्हणून ठीक आहे, सेफ्टी म्हणून शून्य. लहान मुलाला तळ्याकाठी, बोटीत न्यायचंच असेल तर मापाचं लाईफ जॅकेट, तेही हात धरून.

सासूबाईंशी फार वाद घालू नकोस, त्यांची भीती चुकीच्या कारणासाठी असली तरी सावधपणा योग्य आहे. सर्दी विषाणूने होते, पाण्याने नाही. लहान मुलांचं ते कान ठणकणं, फुटणं बहुतेक वेळा नाकाच्या मागून आत जाणाऱ्या नळीतून होतं, सर्दीच्या मागोमाग. तरी सर्दी-ताप असेल, कान वाहत असेल तर पूल बंद, आणि कानाचं काहीही दुखणं आधी झालं असेल तर डॉक्टरांना विचारून मगच. एक मात्र सासूबाईंना प्रेमाने सांग, अंघोळीनंतर कानात कोमट तेल घालत असाल तर ते थांबवा. मालिश, शेक, टाळूला तेल, सगळं करा, कानात तेल नको.

आता सासरे, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. विहिरीत डबा बांधून, सुकवलेला भोपळा बांधून, पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधून पोहायला शिकलेल्या माणसांचा मला फार आदर आहे, तसे दमदार पोहणारे क्लोरीनच्या पूलमध्ये क्वचित बघायला मिळतात. त्यांच्या पद्धतीत बऱ्याच गोष्टी बरोबर होत्या. वय चार-पाचच्या पुढे. शिकवणारा काका स्वतः पाण्यात, हाताच्या अंतरावर. पूर्ण उन्हाळा, रोज. डबा एकदम सोडायचा नाही, हळूहळू कमी करायचा. पण "पाण्यात पडलं की पोहता येतं" ही म्हण ज्यांना पोहता आलं त्यांनीच सांगितलेली आहे. ज्यांना नाही आलं ते सांगायला राहिले नाहीत. त्यांना हे तुझ्या शब्दांत, आदराने, पण सांग. चार वर्षांची झाली की आजोबांनी तिला जरूर शिकवावं, विहिरीत शिकवावं, मी स्वतः त्या बाजूने आहे.

याचा सगळ्यात चांगला दाखला बांगलादेशातला आहे, कारण तिथेही घराला लागून तळं असतं आणि तिथे हे प्रत्यक्ष गावागावात करून बघितलंय. चार वर्षांच्या वरच्या मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचे मचाण रोवून पोहायला शिकवलं, २५ मीटर पोहणं, अर्धा मिनिट तरंगत राहणं आणि दुसरा बुडत असेल तर उडी न मारता कशी मदत करायची ते. त्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त कमी झालं. आणि एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी काय केलं? त्यांना पोहायला शिकवलं नाही. गावातच पाळणाघर काढलं, आँचल नावाचं, सकाळी नऊ ते दुपारी एक. कारण लहान मुलं बुडायची ती वेळ हीच होती, आई स्वयंपाकात, बाप शेतात, आणि पोर आपलं रांगत-चालत तळ्याकडे. फक्त त्या चार तासांत एक बाई मुलांजवळ बसून राहिली तर त्या वयातलं बुडणं ८० टक्क्यांहून जास्त कमी झालं. तुझ्या मुलीच्या वयाला लागू पडणारं औषध हे आहे. तुमच्या गावच्या घरी सकाळी नऊ ते एक कोण कुठे असतं ते आठव. सासूबाई चुलीपाशी, सासरे आणि नवरा बागेत, तू धुण्या-भांड्यात, आणि प्रत्येकाला वाटत असतं की बाळ दुसऱ्याकडे आहे.

त्यामुळे गावी पोचल्याच्या दिवशीच ठरवा, बाळ कोणत्या वेळी कोणाकडे. आणि हातातून हातात देताना तोंडाने म्हणायचं, "घे, आता ही तुझ्याकडे," आणि घेणाऱ्याने "हो, माझ्याकडे" म्हणायचं. त्या माणसाने त्या वेळात फोन बघायचा नाही, शेंगा निवडायच्या नाहीत, डुलकी काढायची नाही. सुरुवातीला सगळे हसतील, दोन दिवसांत सवय होते.

आणि शेततळ्याला कुंपण. हे मे महिन्याच्या आधी व्हायला पाहिजे, त्याशिवाय बाळाला घेऊन जाऊ नकोस असंच मी म्हणेन. तू कधी त्या तळ्याच्या काठावर उभी राहून खाली बघितलंयस का? काळं जाड प्लास्टिक, उतरती बाजू, पाण्याच्या रेषेला हिरवट शेवाळ. त्यावर पाय पडला की मोठा माणूससुद्धा घसरत आत जातो, आणि पोहता येत असलं तरी बाहेर येता येत नाही, कारण धरायला काहीच नाही, ना पायरी, ना दगड, ना मूळ. बऱ्याच जुन्या विहिरींना निदान पायऱ्या असतात. म्हणूनच शेततळ्यात एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. तर चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, किमान चार फूट उंच, खालून रांगत जाता येणार नाही असं, आणि फाटकाला कडी वर, मुलाच्या हाताला न लागेल अशी, कुलूप असेल तर उत्तम. शिवाय चारी बाजूंना जाड दोर, गाठी मारलेले, वर खुंटाला पक्के बांधून पाण्यापर्यंत सोडलेले, आणि ट्रकच्या टायरची एक-दोन ट्यूब दोराला बांधून काठावर कायमची. हे बाळासाठीच नाही, सासऱ्यांसाठी, गड्यांसाठी, पंप बघायला जाणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. सासऱ्यांना "तुमच्या नातीसाठी एवढं करा" म्हण, मला वाटतं ते करतील.

पण मे महिना लांब आहे, तुझ्या घरातलं पाणी आजच आहे. एक वर्षाच्या आतली बाळं तळ्यात कमी आणि टबात-बादलीत जास्त बुडतात. आठ महिन्यांचं बाळ धरून उभं राहायला बघतं, बादलीचा काठ धरतं, वाकून आत बघतं, आणि या वयात शरीराच्या मानाने डोकं जड, तोल गेला की उलटं आत. बादली भरलेली असल्यामुळे कलंडत नाही, आणि हातात एवढं बळ नसतं की स्वतःला वर ढकलेल. दोन-चार इंच पाणी पुरतं. ओरडत नाही गं बाळ, आवाजच येत नाही, हे मी हजार वेळा सांगते सगळ्यांना. पिंपरी-चिंचवडला पाणी एक दिवसाआड येतं, सोसायटीला टाकी असली तरी घरोघर बादल्या, पिंपं भरून ठेवायची सवय आहेच. पिंपाला घट्ट झाकण, बादल्या वापरून झाल्या की पालथ्या, आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून वर कडी. अंघोळ घालताना दाराची बेल वाजली, फोन वाजला, तर बाळाला टॉवेलात गुंडाळून सोबत घेऊन जायचं, "एक मिनिट" म्हणून टबात ठेवायचं नाही.

घरातल्या सगळ्यांनी बाळाचं सीपीआर, म्हणजे श्वास थांबला तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं, शिकून घ्या, तासा-दोन तासांचं ट्रेनिंग असतं, तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचार, ते सांगतील कुठे मिळेल. तोवर एवढं माहीत असू दे. पाण्यातून काढलेलं बाळ श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, गावाकडे हेच करतात आणि त्यात लाखमोलाची मिनिटं जातात. कडक जागेवर उताणं ठेवायचं, मान सरळ, बाळाच्या नाक आणि तोंड दोन्हींवर मिळून आपलं तोंड ठेवून छाती जराशी वर येईल इतपतच हवा पाच वेळा द्यायची, मग दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन अंगठ्यांनी छातीच्या मधोमध ३० वेळा भराभर दाबायचं, दीड इंच आत जाईल असं, मग दोन श्वास, पुन्हा ३०. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्याने तोवर १०८ नाहीतर ११२ लावायचा. आणि शुद्धीवर आली, रडली, तरी दवाखान्यात न्यायचंच.

आता तुझ्याबद्दल. पत्रात तू अगदी जाता जाता लिहिलंयस की मला पोहता येत नाही. मला विचारशील तर तीन महिन्यांची जी फी बाळासाठी भरणार आहात ना, ती तुझ्यासाठी भर. लेडीज बॅच लाव, आठवड्यातून तीन-चार दिवस, तेवढा वेळ नवऱ्याने बाळ सांभाळावं, त्याला एवढी हौस आहे तर. बायका तिशीत, चाळिशीत, साडीतून पहिल्यांदा कॉश्च्युममध्ये येतात, पहिल्या आठवड्यात कडेची दांडी सोडत नाहीत आणि नंतर त्याच खोल पाण्यात आरामात तरंगत गप्पा मारतात. पाण्याला न घाबरणारी आई असेल तर मुलीचं पोहणं अर्धं सोपं होतं. तरीही नवीन शिकलेली असताना कोणाला काढायला शेततळ्यात उडी मारायची नाही हं, दोर फेकायचा, ट्यूब फेकायची, बांबू पुढे करायचा, आरडाओरडा करून माणसं जमवायची.

मुलीचं म्हणशील तर आत्ता घरात टबातली अंघोळ, मगाने पाणी, खेळ. एक वर्ष झाल्यावर, उन्हाळ्यात, कोमट पाणी मिळालं तर तुझ्यासोबत पूल. तीन-चार वर्षांची झाली की खरं शिकणं, श्वास सोडणं, तरंगणं, पडल्यावर वळून काठाकडे येणं. आणि सहा-सात वर्षांपर्यंत तिला नीट पोहता आलंच पाहिजे, त्यात टंगळमंगळ नको.

रविवारच्या ट्रायलला जायचं तर जा, पण आधी फोन करून पाण्याचं तापमान विचार. नीट आकडा सांगता आला नाही, किंवा ३० च्या खाली सांगितला तर सरळ मार्चनंतर येतो म्हण. गेलात तर दूध पाजून तासभर झालेला असू दे, दोन मोठे टॉवेल, टोपी आणि बाहेर आल्यावर घालायला गरम कपडे घे, आणि तू पाण्यात उतरणार नसशील तर नवऱ्याने उतरायचं, बाळ एकट्या सरांच्या हातात द्यायचं नाही. उतरायच्या आधीच सांगून टाका की डोकं पाण्याखाली घालायचं नाही. ते "काही होत नाही मॅडम, सगळ्यांना करतो" म्हणाले तर टॉवेलात गुंडाळ आणि घरी ये, आणि ॲडव्हान्स मात्र ट्रायलच्या आधी भरू नका.